मुद्राचित्रांच्या प्रदर्शनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विहिरींवरच्या माझ्या एचिंग (अॅसिडने पत्रा कोरून छापलेली चित्रं) आणि वुडकट (लाकूड कोरून छापलेली चित्रं) यांचं प्रदर्शन पुण्यात झालं, तेव्हापासून प्रश्न येत आहेत. काही गॅलरीत समोरासमोर विचारले गेले, काही नंतर मेसेजमधून आले. बरेचसे प्रश्न तेच ते असतात. मुद्राचित्रांबद्दल मराठीत सहज हाती लागेल असं वाचायला फार थोडं आहे, त्यामुळे ते पडणारच. म्हणून सगळे इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आहेत, अडचणीचे नंतर.

१. मुद्राचित्र म्हणजे प्रिंटच ना? मग पोस्टरमध्ये आणि त्यात फरक काय?

पोस्टर म्हणजे आधी काढलेल्या चित्राचा फोटो घेऊन छापलेली प्रत. मुद्राचित्राला असं आधीचं चित्र नसतं. चित्रकार लाकूड, लिनोलियम, तांब्याचा किंवा जस्ताचा पत्रा, दगड, नाहीतर ताणून बसवलेली जाळी यांवर थेट काम करतो. मग शाई लावून दाबाने कागदावर छाप घेतो. कागद उचलेपर्यंत ते चित्र पूर्ण झालेलं नसतं. वहीतली कच्ची रेखाटनं असतात, पण भिंतीवर दिसणारं चित्र छापण्यातूनच जन्माला येतं.

२. एकाच चित्राच्या पंचवीस प्रती असतील, तर त्यातलं ओरिजिनल कुठलं?

पंचवीसही. प्लेटला, म्हणजे कोरलेल्या पत्र्याला किंवा लाकडाला, ओरिजिनल म्हणावं असं अनेकांना वाटतं, पण प्लेट हे साधन आहे. ती कुणी भिंतीवर लावण्यासाठी केलेली नसते. शिवाय प्रत्येक छापेला शाई नव्याने लावावी लागते आणि हाताने पुसावी लागते, त्यामुळे दोन प्रती शेजारी ठेवल्या तर आकाशाच्या जागी किंचित फरक दिसतो. मी हा फरक एका मर्यादेतच ठेवते, त्याबाहेर गेलेली प्रत फाडून टाकते.

३. चित्राखाली पेन्सिलने ७/२५ असं लिहिलं होतं. ते काय?

खालचा आकडा म्हणजे आवृत्तीत एकूण किती प्रती आहेत तो. वरचा त्यातल्या या प्रतीचा क्रमांक. सातवी छापलेली तीच सातवी असेल असं नाही. ओले कागद वाळल्यावर, निवड झाल्यावर क्रमांक घातले जातात. साधारणपणे डावीकडे क्रमांक, मध्ये चित्राचं नाव आणि उजवीकडे सही असते. पेन्सिल यासाठी की ग्राफाइट उडत नाही, कागदाला इजा करत नाही आणि खरी पेन्सिलची सही भिंगाखाली छापील सहीपेक्षा लगेच वेगळी दिसते.

पंचवीस हा आकडा चित्रकाराने दिलेला शब्द आहे. सव्विसावी प्रत निघणार नाही, हा तो शब्द. या पानावरच्या अर्ध्या अवघड प्रश्नांचं मूळ याच आकड्यात आहे (पाहा १७ आणि १८).

४. एका चित्रावर आकड्याऐवजी ए/पी होतं. ती प्रत कमी दर्जाची का?

अजिबात नाही. ती चित्रकाराने स्वतःकडे ठेवलेली प्रत, आर्टिस्ट्स प्रूफ. आवृत्तीच्या साधारण दहा टक्के अशा प्रती ठेवण्याची पद्धत आहे. पंचवीसच्या आवृत्तीला दहा-बारा ए/पी दिसल्या तर मात्र विचारा. बी.ए.टी. लिहिलेलं दिसलं तर ती नमुन्याची प्रत. ती मंजूर झाली की बाकीच्या सगळ्या तिच्याबरहुकूम छापायच्या.

५. नुसतं बघून एचिंग, वुडकट, लिथो कसं ओळखायचं?

दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग घ्या, घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसं. चित्र तिरक्या उजेडात धरा.

एचिंगमध्ये शाई खोलगट रेघांमधून वर येते, म्हणून वाळलेली रेघ कागदावर उभी राहिलेली असते. चित्राभोवती प्लेटच्या कडेचा दबलेला चौकोनही दिसतो. वुडकट आणि लिनोकटमध्ये उलट घडतं. न कोरलेल्या उंच भागाला शाई लागते, आणि दाबाने ती कडेला सरकते, त्यामुळे रंगाच्या काठाशी किंचित गडद किनार दिसते. लाकूड असेल तर काळ्या भागात त्याच्या रेषा उतरतात. लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून घेतलेली छाप, सपाट असतो. तिथे खोल-उंच काही नसतं, तेलकट खडूने केलेलं काम आणि पाणी एकमेकांना दूर ठेवतात, त्यावर सगळी छपाई चालते. भिंगाखाली त्यात खडूचे वेडेवाकडे कण दिसतात. सिल्कस्क्रीनमध्ये, म्हणजे ताणलेल्या जाळीतून केलेल्या छपाईत, रंगाचा थर कागदावर वेगळा बसलेला जाणवतो.

आणि नेमाने मांडलेल्या चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं दिसली, तर ती ऑफसेटवर, म्हणजे पुस्तकं-पोस्टरं छापतात त्या यंत्रावर, छापलेली प्रत आहे. खाली सही असली तरी.

६. एचिंग तुम्ही नेमकं कसं करता? सुरुवातीपासून सांगा.

जस्ताचा पत्रा घेते. त्याच्या चारही कडा कानशीने उतरत्या करते, नाहीतर प्रेसमध्ये त्या कागद कापतात. खडूच्या पुडीने पत्र्याचा तेलकटपणा काढते, इतका की पाणी ओतल्यावर ते थेंबाथेंबाने न साचता सलग पसरलं पाहिजे. मग मेण आणि डांबर यांचा पातळ थर देते. तो वाळला की सुईने त्यावर रेखाटायचं. सुई पत्रा कोरत नाही, फक्त थर खरवडून धातू उघडा करते. कोरायचं काम अॅसिडचं. पत्रा पातळ केलेल्या नायट्रिक अॅसिडमध्ये ठेवला की उघड्या रेघांवर बुडबुडे धरतात. ते पिसाने हलकेच सारावे लागतात, नाहीतर रेघ तुटक खाल्ली जाते. फिकट हव्या त्या रेघा आधी बाहेर काढून वार्निशने बंद करायच्या, गडद हव्यात त्यांना आणखी वेळ द्यायचा. उन्हाळ्यात अॅसिड जोरात खातं. डिसेंबरात बसवलेला वेळ मे महिन्यात चालत नाही, दर मोसमात नवी चाचणी घ्यावी लागते.

विहिरीच्या तळाचा काळोख रेघांनी होत नाही. त्यासाठी अॅक्वाटिंट. राळेची बारीक पूड पत्र्यावर बसू द्यायची, खालून ऊब देऊन ती चिकटवायची. कणांच्या मधली जागा अॅसिड खातं आणि शाई धरून ठेवणारा खडबडीतपणा तयार होतो.

छापताना शाई आधी सगळीकडे चोपडायची, मग कडक जाळीदार कापडाने पुसायची, शेवटी तळहाताने. हा शेवटचा हात शिकायला वर्षं लागतात. जास्त पुसलं तर रेघ भुकेली राहते, कमी पुसलं तर चित्र मळतं. कागद शंभर टक्के कापसाचा, भिजवून टिपलेला. पत्र्यावर कागद, त्यावर लोकरीची जाड घोंगडी, आणि मग हे सगळं रुळाखालून जातं. कोपरा धरून कागद उलटताना आजही छातीत धडधडतं.

७. चित्र उलटं येतं का?

येतं, डावं ते उजवं होऊन. म्हणून अक्षरं असतील तर उलटी कोरावी लागतात. सिल्कस्क्रीन याला अपवाद, कारण तिथे रंग जाळीतून सरळ खाली उतरतो. ऑफसेटसुद्धा सरळ येतं, कारण प्लेटची छाप आधी रबरावर पडते आणि मग कागदावर.

८. सगळ्या प्रदर्शनात विहिरीच विहिरी का?

गावातल्या जुन्या आडाच्या काठाचा दगड जवळून पाहिला आहे का? पिढ्यान्‌पिढ्या पाणी शेंदल्यावर दोराने त्यात चर पडलेले असतात, बोट जाईल इतके खोल. काही अरुंद, काही पसरट, दोन-तीन एकमेकांत मिसळलेले. त्यात शाई भरून वर ओला कागद दाबला तर छाप निघेल. कुणी ठरवून ती रेघ काढलेली नाही, रोजच्या कामाने ती दगडात उतरली आहे. माझ्या कामाची ओढ तिथून सुरू झाली.

मग बारवा पाहत हिंडू लागले. साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटांची विहीर आहे, अठराव्या शतकात शाहू महाराजांच्या काळात विरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेली. आकार अष्टकोनी, वर मोटा लावायच्या जागा, आत उतरायला ऐसपैस पायऱ्या. वरून खाली पाहताना पायऱ्यांच्या कडा उजेडात आडव्या रेघांसारख्या दिसतात आणि खाली जाता जाता काळ्यात बुडतात. उजेडाकडून काळोखाकडे असं पायरी-पायरीने जाणं अॅक्वाटिंटला जमतं. जलरंगात तो विषय मला कधी हातात आला नसता.

९. ‘उन्हाळा’ नावाची चार चित्रं एकाच प्लेटची होती म्हणे. ते कसं शक्य आहे?

हो, एकाच प्लेटच्या त्या चार अवस्था आहेत. पहिल्यात विहीर भरलेली. मोजक्या प्रती छापल्यावर स्क्रेपर आणि बर्निशर या खरवडायच्या आणि गुळगुळीत करायच्या हत्यारांनी पत्र्यावरचा काळोख थोडा घासून काढला आणि पाण्याखालची एकेक पायरी वर आणली. पुन्हा छापलं, पुन्हा घासलं. आता पत्र्यावर फक्त शेवटची अवस्था उरली आहे. पहिल्या तीन पुन्हा छापणं कुणालाच शक्य नाही.

ही वाट डच चित्रकार रेम्ब्रांटने दाखवली. त्याच्या १६५३ च्या ‘तीन क्रूस’ या ड्रायपॉइंटमध्ये (सुईने थेट पत्रा खरवडून केलेलं काम, पाहा १४) आधी क्रूसाभोवतीची गर्दी दिसते. नंतर त्याने तीच प्लेट खरवडून, नव्या जाड रेघा मारून अशी बदलली की बहुतेक माणसं अंधारात गेली. दोन्ही अवस्था शेजारी पाहिल्या की प्लेटवर विचार कसा करतात ते कळतं.

१०. तुमच्यावर कुणाकुणाचा प्रभाव आहे?

सगळ्यात जास्त झरीना हाश्मी यांचा. १९३७ मध्ये अलीगढमध्ये जन्म, शिक्षण गणिताचं, पॅरिसमध्ये मुद्राचित्रकार हेटर यांच्या आतेलिए १७ या स्टुडिओत मुद्राचित्रण शिकल्या, पुढे न्यूयॉर्कमध्ये राहिल्या, २०२० मध्ये लंडनमध्ये गेल्या. ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ ही १९९९ ची मालिका छत्तीस वुडकटची आहे. उंबरठा, अंगण, दार अशा घरच्या कल्पनांना एकेक आकृती आणि खाली उर्दू शब्द. २००१ च्या ‘डिव्हायडिंग लाइन’मध्ये कागदावर फक्त एक वाकडीतिकडी काळी रेघ आहे, फाळणीची. वुडकटमध्ये अशी रेघ छापायची तर तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकावं लागतं आणि रेघ उरवावी लागते. त्या चित्रापुढे हे आठवलं की पोटात कालवतं. इतक्या कमी खुणांत इतकं सांगता येतं, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

मुद्राचित्रकार आणि शिल्पकार कृष्णा रेड्डी यांच्याकडून प्लेटकडे शिल्प म्हणून पाहायला शिकले. पॅरिसमध्ये त्यांनी आणि कायको मोती यांनी व्हिस्कॉसिटी छपाई, म्हणजे शाईच्या घट्ट-पातळपणावर चालणारी छपाई, पुढे नेली. मोती मूळचे मुंबईचे, तिथल्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले. प्लेट वेगवेगळ्या पातळ्यांवर कोरायची, शाईत तेलाचं प्रमाण कमी-जास्त करायचं आणि कडक व मऊ रोलर फिरवायचे. पातळ आणि घट्ट शाया एकमेकींत न मिसळता आपापली पातळी धरतात आणि सगळे रंग एकाच दाबात कागदावर येतात.

चित्तप्रसाद यांचे लिनोकटही माझ्या टेबलासमोर लावलेले असतात. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची रेखाटनं करणारा हा माणूस पुढे मुंबईत अंधेरीला राहिला. कामाला जुंपलेली लहान मुलं त्यांनी लिनोवर ज्या मायेने कोरली आहेत, ती प्रत्यक्ष पाहायची संधी मिळाली तर सोडू नका. सोमनाथ होर यांच्याबद्दल १९ व्या प्रश्नात लिहिलं आहे.

११. हे सगळं परदेशी तंत्र आहे ना? आपल्याकडे कधी आलं?

प्रेस आणि अॅसिड बाहेरून आलं, पण इथे त्याला दोनशेहून जास्त वर्षं झाली. मिरजेत १८०५ मध्ये पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. पत्रा कोरणारा हात इथल्याच कारागिराचा होता. पुढे शिळाप्रेस, म्हणजे लिथोचे दगडी छापखाने, आले. १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा हा छापखाना सुरू झाला आणि रंगीत चित्रं घराघरांत पोचली. एकोणिसाव्या शतकातलं मराठी घर भिंतीवर लिथोग्राफ लावूनच सजलेलं होतं, हे आपण विसरलो आहोत.

१२. आजोबांच्या काळापासून घरात रविवर्म्याची लक्ष्मी आहे. ते मुद्राचित्र म्हणायचं का? किंमत येईल?

तंत्राने ते लिथोग्राफच. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. जर्मन तंत्रज्ञ होते, प्रत्येक रंगाला वेगळा दगड होता. पण ही चित्रं मूळ तैलचित्रांवरून कारागिरांनी दगडावर उतरवलेली, मर्यादित आवृत्ती नाही, सही नाही. १ ल्या उत्तरातल्या अर्थाने ती मुद्राचित्रं नव्हेत, पण दगडावर हाताने ठिपका-ठिपका देऊन रंगछटा साधणाऱ्यांचं कसब त्यात आहे.

आधी भिंग लावा. ठिपके अनियमित असतील तर जुनी छपाई, फुलाफुलांची जाळी असेल तर नंतरचं ऑफसेट (पाहा ५). किंमत कागदाच्या अवस्थेवर ठरते. कृपा करून ओल्या फडक्याने पुसू नका, काचेला चिकटलेलं असेल तर ओढू नका. कागदाचं संवर्धन करणाऱ्या माणसाला दाखवा. मागे जुन्या दुकानाचं लेबल असेल तर तेही जपा.

१३. गॅलरीत उजेड इतका कमी का ठेवला होता?

कागदासाठी. कागदावरच्या कामांना ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड द्यावा असा संग्रहालयांचा रिवाज आहे. उजेडाने झालेली हानी भरून येत नाही. डोळ्यांना दोन मिनिटं द्या, सगळं दिसू लागतं.

१४. कुठल्या क्रमांकाची प्रत घ्यावी? पहिली चांगली असते का? आणि किंमत कशावर ठरते?

एचिंग आणि वुडकटमध्ये क्रमांकाने फरक पडत नाही, कारण क्रमांक नंतर घातलेले असतात (पाहा ३). अपवाद ड्रायपॉइंटचा. त्यात सुईने थेट पत्रा खरवडतात आणि रेघेच्या कडेला धातूची बारीक कूस, कुसळासारखी कड, उभी राहते. तिच्यामुळेच ती मखमली धूसर रेघ येते. प्रेसच्या दाबाने कूस लवकर बसते, म्हणून ड्रायपॉइंटच्या आवृत्त्या लहान असतात आणि त्यात आधी छापलेली प्रत खरोखर सरस असते. तिथे क्रमांक छापल्याच्या क्रमाने घातले आहेत का, ते चित्रकाराला विचारा.

किंमत आवृत्ती किती मोठी, कागद कुठला, काम किती प्लेटचं, यावर ठरते. प्रती संपत आल्या की अनेकजण ती वाढवतात, मीही. पण आकड्याकडे बघून घेऊ नका. चार प्रती समोर मांडायला सांगा आणि तुमच्या डोळ्याला भावेल ती उचला.

१५. फ्रेम कशी करावी? आम्ही कोकणात राहतो, पावसाळ्यात भिंतींना ओल येते.

चित्र काचेला टेकता कामा नये. मध्ये आम्लमुक्त माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. कागद मागे चिकटवून टाकू देऊ नका. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या, गव्हाच्या खळीने लावलेल्या, एवढ्यावर तो लटकत राहिला पाहिजे, म्हणजे हवेप्रमाणे त्याला फुगता-आकसता येतं. सेलोटेप आणि फेव्हिकॉल नको. माउंटने प्लेटची दबलेली कड आणि पेन्सिलची सही झाकू नये, आणि कागदाचा पांढरा काठ कापू तर अजिबात देऊ नये. फ्रेमवाले हे सर्रास करतात, म्हणून लिहून द्या.

बाहेरच्या भिंतीवर लावू नका. फ्रेमच्या मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की मागून हवा खेळते. कोकणात मी तर सांगेन की जून ते सप्टेंबर चित्र उतरवून कोरड्या कपाटात ठेवा. कागदावर तांबूस ठिपके दिसू लागले तर ती बुरशी असू शकते, स्वतः खोडायला जाऊ नका.

१६. छपाई दुसऱ्याने केली असेल तर ते त्या चित्रकाराचं काम कसं?

जपानमध्ये ही पद्धतच होती. होकुसाईची १८३१ च्या सुमाराची प्रसिद्ध लाट घ्या. चित्र त्याचं, लाकूड कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, पैसा प्रकाशकाचा. लिथोग्राफीतही निष्णात छपाईकाराबरोबर काम करणं आजही रूढ आहे. चित्रकाराने प्लेटचा विचार केला आणि नमुना प्रत मंजूर केली (पाहा ४), की काम त्याचं. फक्त छपाईकाराचं नाव दिलं जावं, याबाबत मी आग्रही आहे. माझ्या मोठ्या वुडकटमध्ये ते दिलेलं आहे.

१७. आवृत्ती संपल्यावर प्लेटचं काय करता? चित्रकार गेल्यावर कुणी छापल्या तर?

प्लेटवर आडवीतिडवी रेघ मारून ती रद्द करते आणि त्या रेघेसकट एक छाप पुरावा म्हणून ठेवते. असं न केलेल्या प्लेट मागे राहिल्या की पुढे त्यांवरून छापलं जातं. रेम्ब्रांटच्या प्लेट त्याच्यानंतरही छापल्या जात राहिल्या, आणि झिजलेल्या पत्र्यावरची फिकट छाप त्याच्या हयातीतल्या छापेपुढे टिकत नाही.

पण याला दुसरी बाजूही आहे. स्पॅनिश चित्रकार गोयाची ‘युद्धाचे अनर्थ’ ही मालिका त्याच्या हयातीत प्रसिद्धच झाली नाही. तो १८२८ मध्ये गेला, ऐंशी प्लेटची पहिली आवृत्ती १८६३ मध्ये निघाली. ती छापली नसती तर जग फार मोठ्या साक्षीला मुकलं असतं. त्यामुळे मरणोत्तर छपाईला माझी हरकत नाही, पण तशी ती असल्याचं चित्रावर स्पष्ट लिहिलेलं असावं.

१८. निळ्यातली आवृत्ती संपली म्हणून तीच प्लेट हिरव्यात छापून नवी आवृत्ती काढली तर चालतं का?

सुरुवातीलाच जाहीर केलं असेल तर चालतं. निळ्यातल्या पंचवीस विकून झाल्यावर सुचलं असेल तर माझ्या मते नाही. घेणाऱ्याने पंचवीस प्रतींचं चित्र घेतलं होतं. प्लेटवर खरोखर नवं काम झालं असेल तर मात्र ती नवी अवस्था ठरते (पाहा ९).

१९. शाईच नसलेला, नुसता दबलेला पांढरा कागद पाहिला. तेही मुद्राचित्र?

हो. दाबाने उमटलेली खूण असली की पुरे. बंगालचे मुद्राचित्रकार आणि शिल्पकार सोमनाथ होर यांची ‘जखमा’ मालिका पाहा. मातीच्या पाटीवर ते चिरे देत, भोकं पाडत, त्यावरून सिमेंटचा साचा घेत आणि साच्यात कागदाचा लगदा दाबत. वाळल्यावर पांढऱ्यावर पांढरी जखम उरते. बंगालचा दुष्काळ आणि तिथल्या शेतकऱ्यांची तेभागा चळवळ डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं ते काम आहे. फोटोत ते जवळजवळ दिसत नाही, बाजूने उजेड पडतो तिथे उभं राहूनच पाहावं लागतं.

२०. डिजिटल प्रिंटवर क्रमांक आणि सही असेल तर?

कॉम्प्युटरवरच घडवलेलं चित्र असेल तर ती त्याची मूळ प्रत मानायला हवी. कॅनव्हासचा फोटो चांगल्या कागदावर छापून त्यावर क्रमांक घातला असेल तर ती सही केलेली नक्कल. विकत घ्या जरूर, पण विक्रेत्याकडून तसं लिहून घ्या.

२१. मला शिकायचंय. प्रेस नाही, वय चाळीस. कुठून सुरुवात करू?

रीतसर शिक्षणासाठी मुंबईचं जे. जे. आणि बडोद्याचं ललित कला महाविद्यालय आहे. भोपाळचं भारत भवन आणि दिल्लीचं गढी इथेही मुद्राचित्रणाचे स्टुडिओ आहेत. पण घरी आजच सुरू करायचं तर लिनोकट. लिनोचा हातभर तुकडा, दोन-तीन कोरण्या, एक रबरी रोलर, काचेची पाटी, छपाईची शाई आणि पातळ कागद. दाबाला लाकडी चमच्याची पाठ पुरते. लिनो कडक वाटला तर उन्हात धरा, मऊ होतो. धार नेहमी अंगाच्या उलट दिशेला आणि दुसरा हात हत्याराच्या मागे. अॅसिडच्या वाटेला मात्र घरी एकट्याने जाऊ नका. त्यासाठी हवेशीर जागा, हातमोजे आणि जाणतं माणूस शेजारी हवं.